नोंदवहीतला गुन्हा : मालतीबाई बेडेकर आणि ‘बळी’

गुन्ह्याच्या कथा वाचण्याची हौस मराठी माणसाला फार जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझार आणि काळापहाड यांनी एके काळी घरोघरच्या मुलांना वेड लावले होते, आणि वडीलधारी मंडळीही ती पुस्तके उशाखाली दडवून वाचीत असत. पुढे गुरुनाथ नाईकांनी तीच परंपरा चालविली. या कथांची रीत ठरलेली असते. गुन्हा घडतो, संशयाची सुई इकडे तिकडे फिरते, चतुर नायक गुन्हेगाराला हुडकून काढतो आणि वाचक निश्चिंतपणे पुस्तक मिटतो. गुन्हेगार कोणी दुसराच होता, आपण नव्हतो, हे त्या निश्चिंतपणाचे कारण असते.

मराठीत गुन्हेगारीविषयी लिहिणारी एक स्त्री अशी होऊन गेली, की जिचे पुस्तक मिटताना हा निश्चिंतपणा वाचकाच्या वाट्याला येत नाही. तिच्या कादंबरीत हेर नाही आणि शोधही नाही. गुन्हेगार कोण, हे सरकारने आधीच ठरवून टाकलेले आहे. त्यांची नावे वहीत लिहिलेली आहेत आणि त्यांच्याभोवती तारेचे कुंपण आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की यांचा गुन्हा कोणता? ही लेखिका म्हणजे ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकर, आणि ही कादंबरी म्हणजे १९५० साली प्रसिद्ध झालेली ‘बळी’. आपल्या ख्रिस्ती वाचकांनी हे पुस्तक आणि ही लेखिका विशेष आस्थेने समजून घ्यावी, असे आम्हास वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

मालतीबाईंचा जन्म १९०५ साली पुणे जिल्ह्यातील शिरूर ऊर्फ घोडनदी येथे झाला. माहेरचे नाव बाळूताई खरे. वडील अनंतराव हे शिक्षक होते. मुलींनी शिकावे, आपल्या पायावर उभे राहावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि ज्या काळात मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की आईबापांची झोप उडत असे, त्या काळात त्यांनी आपल्या मुलींना महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकावयास धाडले. या वडिलांचे चरित्र मालतीबाईंनी पुढे ‘खरेमास्तर’ या पुस्तकात कादंबरीच्या रूपाने लिहिले. महिला विद्यापीठाची पदवी घेऊन बाळूताई शिक्षिका झाल्या.

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ह. वि. मोटे यांनी प्रकाशित केला. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, पण वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनात काय चालते, मुलीच्या पगारावर घर चालू लागले म्हणजे घरच्यांना तिच्या लग्नाची घाई कशी उरत नाही, हे त्या कथांनी आडपडदा न ठेवता सांगितले. महाराष्ट्रात वादळ उठले. ही विभावरी कोण, ती स्त्री की स्त्रीचे नाव घेतलेला कोणी पुरुष, याचा शोध सुरू झाला. एखाद्या गुन्ह्याचा तपास चालावा तशी लेखिकेची शोधाशोध चालली होती. विभावरी म्हणजे रात्र; त्या रात्रीच्या पदराआड एक साधी शाळामास्तरीण उभी होती. पाठोपाठ ‘हिंदोळ्यावर’ आणि ‘विरलेले स्वप्न’ या कादंबऱ्या आल्या. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, हे पुढे उघड झाले, तरी टोपणनाव कायम राहिले. १९३८ साली त्यांचा विवाह विश्राम बेडेकर यांच्याशी झाला. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू लोकांच्या बोटीवरील प्रवासाची कथा सांगणारी ‘रणांगण’ ही त्यांची कादंबरी १९३९ सालची. एकाच संसारातील दोघांनी जन्मावरून धिक्कारल्या गेलेल्या माणसांविषयी लिहावे, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

विवाहाच्या आधीच, १९३७ साली, मालतीबाईंनी शाळा सोडून एक अगदी वेगळी नोकरी पत्करली होती. सोलापूरच्या ‘सेटलमेंट’मध्ये त्या अधिकारी म्हणून गेल्या आणि १९४० पर्यंत तेथे राहिल्या. सेटलमेंट म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकास सांगणे अगत्याचे आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती या जन्मतःच गुन्हेगार आहेत; सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा यांचा मुलगा चोर होणारच, असे या कायद्याच्या मुळाशी असलेले गृहीत होते. आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू झालेला हा कायदा १९११ साली सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू करण्याची तरतूद झाली, आणि १९२४ साली तो सुधारून नव्याने करण्यात आला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली, की तिच्यातील माणसांची नावे नोंदवहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात. ठरल्या वेळी पोलिसांपुढे किंवा पाटलापुढे हजेरी द्यावी लागे. परवानगीचा पास घेतल्याखेरीज गाव सोडता येत नसे. त्या माणसाने चोरी केली होती काय, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. त्याची आई आणि त्याचा बाप कोण, एवढी चौकशी पुरे होई.

मुंबई इलाख्यात अशा जमातींना वसविण्यासाठी सरकारने वसाहती उभारल्या. त्यांतील सोलापूरची वसाहत मोठी. तेथे कापडाच्या गिरण्या होत्या, गिरण्यांना मजूर हवे होते, आणि कुंपणाआडच्या माणसांना काम देऊन ‘सुधारावयाचे’ होते. दोन्ही गरजा एकमेकींना सोयीच्या पडल्या. चांगली वर्तणूक दिसली म्हणजे कुटुंबाला तारेबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जाण्याची मुभा मिळे. सोलापुरात सेटलमेंट हे एका वस्तीचे नाव अजूनही रूढ आहे. कायदा गेला तरी शब्द जागेला चिकटून राहिला.

येथे आम्हास एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ही सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या व्यवस्थेखाली होती. देशात इतरत्र साल्वेशन आर्मीनेही अशा वसाहती चालविल्या. ही मंडळी आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतील नव्हती, हे खरे. पण ती प्रभू येशूचेच नाव घेणारी होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांचा हेतू निर्मळ होता यात शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने चालविले, हाताला काम दिले. सरकारी शिपायाच्या दंडुक्यापेक्षा मिशनरी बाईचा शब्द मऊ होता. परंतु तार होतीच. शाळा तारेच्या आत होती, प्रार्थना तारेच्या आत होती, आणि आत राहणाऱ्या मुलाचा अपराध एवढाच होता, की तो त्या घरी जन्मला. दयाबुद्धीने कुंपणाच्या आत पुष्कळ काही केले. कुंपण का, असे विचारण्याचे काम मात्र फारच थोड्यांनी केले.

मालतीबाईही त्या व्यवस्थेच्या एक नोकरच होत्या, हे विसरून चालणार नाही. हजेरी घेणाऱ्या सरकारचा पगार त्या घेत होत्या. त्यांचे मोठेपण यात आहे, की त्या पगाराने त्यांचे डोळे झाकले नाहीत. नोकरी सुटल्यावर दहा वर्षांनी त्यांनी जे पाहिले ते कादंबरीच्या रूपाने मांडले. शिकलेल्या मध्यमवर्गीय मुलींचे निःश्वास ऐकविणारी लेखिका आता पार वेगळ्या जगात शिरली. या जगाची भाषा वेगळी, दैवते वेगळी, पंचायत वेगळी, आणि उपासमार तर रोजची. मालतीबाईंनी या माणसांना देवदूत केले नाही. त्यांची भांडणे, त्यांची व्यसने, त्यांच्या रूढींचा जाच, हेही त्यांनी लिहिले. चोरी कोणी करीतच नव्हते, असा भाबडा दावा त्यांनी केला नाही. परंतु सगळे जग ज्याला चोर म्हणते, काम देत नाही, शेजारी बसू देत नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न त्यांच्या कथेतून वाचकाच्या अंगावर येतो. कादंबरीचे शीर्षकच त्याचे उत्तर सुचविते. ज्यांना कायदा गुन्हेगार म्हणतो, त्यांना लेखिका बळी म्हणते. दर रविवारी वेदीपुढे एका निरपराध बळीचे स्मरण करणाऱ्या आपणा लोकांना या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको.

या ठिकाणी आम्हास एका परदेशी लेखिकेची आठवण होते. नॉर्वे देशातील सिग्रिड उन्सेट यांनी १९२४ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि १९२८ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओलाव नावाच्या मध्ययुगीन माणसावर त्यांनी १९२५ ते १९२७ या काळात एक प्रदीर्घ कादंबरी लिहिली. ओलावच्या हातून एक खून होतो. तो कोणाला कळत नाही. तो कबूल करावा तर पत्नीची बदनामी होईल, म्हणून ओलाव पापनिवेदन टाळीत राहतो आणि ते ओझे घेऊन म्हातारा होतो. त्या कथेतही हेर नाही; गुन्हेगाराचा पाठलाग करते ती त्याची सदसद्विवेकबुद्धी. उन्सेटबाईंचे निधन १९४९ साली झाले आणि पुढल्याच वर्षी आपल्याकडे ‘बळी’ प्रसिद्ध झाली. या दोघींच्या कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. ओलावने खरोखर गुन्हा केला, पण कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव नाही. गावात तो प्रतिष्ठित गृहस्थ आहे. सोलापूरच्या तारेआडच्या लेकराने काहीच केले नाही, तरी त्याचे नाव वहीत आहे. मनुष्याची वही आणि देवाची वही यांत केवढे अंतर पडू शकते, हे या दोन स्त्रियांनी आपापल्या परीने दाखविले.

सोलापूरची ही गोष्ट कोल्हापूरच्या वाचकाने का वाचावी, असे कोणी विचारील. दोन्ही शहरे आज एकाच पुणे धर्मप्रांतात आहेत, हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. ज्या काळात ब्रिटिश मुलखात हा कायदा अधिक कडक होत चालला होता, त्याच काळात आपल्या करवीर संस्थानात उलट दिशेने पाऊल पडले. १९१८ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांना रोज गावकामगारापुढे उभे राहून आपण पळून गेलो नाही याची ग्वाही द्यावी लागत असे. ती सक्ती महाराजांनी उठविली. फासेपारध्यांना त्यांनी जवळ बोलाविले, कामे दिली, त्यांच्या राहण्याची सोय केली. ज्यांना इतर लोक घराच्या आसपास फिरकू देत नसत, त्यांच्यावर महाराजांनी भरवसा टाकला, आणि त्या भरवशाला ही माणसे जागली, ही गोष्ट कोल्हापुरातील जुनी माणसे अभिमानाने सांगत आली आहेत.

हजेरीचा जाच कसा होता, हे आपल्याच भागातील आणखी एका लेखकाने सांगून ठेवले आहे. वारणेच्या खोऱ्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या आपल्या माणसांसाठी खजिना लुटणारा तो मांग वीर इंग्रजांच्या लेखी दरोडेखोर होता. अण्णा भाऊंनी त्याला नायक केले. त्यानंतर काही वर्षांनी या जमातींतील मुले स्वतःच लिहू लागली. १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले, आणि दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही आत्मकथने वाचल्यावर ‘बळी’ची मर्यादाही ध्यानात येते. मालतीबाईंनी जे लिहिले ते तारेबाहेरून, खुर्चीवर बसलेल्या माणसाने पाहिलेले होते. मात्र तीस वर्षे आधी त्यांनी ते पाहिले आणि मराठी वाचकाला पाहावयास लावले, हे त्यांचे ऋण कमी होत नाही.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सगळ्या देशातून गेला. तेव्हापासून या जमातींना विमुक्त म्हणतात, आणि ३१ ऑगस्ट हा त्यांचा मुक्तिदिन मानला जातो. देश १९४७ साली स्वतंत्र झाला. या माणसांना स्वातंत्र्याची पहाट पाहण्यास आणखी पाच वर्षे लागली. पुढे १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला. त्यात जन्माऐवजी प्रत्यक्ष शिक्षा झालेल्या माणसाकडे पाहण्याचे धोरण होते. परंतु जुन्या सवयीचे डोळे नव्या कायद्यातूनही जुनेच चेहरे पाहत राहिले. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत तर जातीवरून कामे वाटण्याचे नियम आणि विमुक्त जमातींकडे संशयाने पाहणारे उल्लेख शिल्लक होते. एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरविले आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. ‘बळी’ प्रसिद्ध झाल्यावर ७४ वर्षांनी एका वहीतला एक रकाना पुसण्याचा हुकूम निघाला, आणि त्यासाठीही पुन्हा एका लिहिणाऱ्या स्त्रीलाच उभे राहावे लागले.

नोंदवहीचा विषय निघाला म्हणून आपल्या घरची गोष्ट बोलतो. प्रत्येक धर्मग्रामात एक वही असते. मूल जन्मले, त्याचा स्नानसंस्कार झाला, की त्याचे नाव, आईबापांचे नाव, धर्मपित्याचे व धर्ममातेचे नाव त्या वहीत लिहिले जाते. त्या लिहिण्याचा अर्थ असा, की हे मूल आजपासून देवाचे आहे. आदिपापाची शिकवण आपण मानतो. पण ते पाप सगळ्या मानवजातीचे आहे. राजाच्या पोराला ते नाही आणि पारध्याच्या पोराला आहे, असे ख्रिस्तसभेने कधी शिकविलेले नाही. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य प्रभूला विचारतात, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. १८७१ च्या कायद्यापाशी मात्र शिष्यांच्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. जो धर्म जन्मालाच देवाच्या वहीत नाव लिहितो, त्याच्या लोकांनी जन्मालाच पोलिसांच्या वहीत नाव लिहिणारा कायदा निमूटपणे कसा चालू दिला, हा प्रश्न मिशनच्या त्या जुन्या मंडळींना विचारणे सोपे आहे. तोच आज स्वतःला विचारणे आम्हास अधिक गरजेचे वाटते.

कारण तारेचे कुंपण गेले तरी नजरेचे कुंपण राहिले आहे. गावात चोरी झाली, की पहिला संशय माळावरच्या पालांवर जातो. शाळेत वर्गमित्राची वस्तू हरवली, की शिक्षकाची नजर एका ठरावीक बाकाकडे वळते. कामाला बाई ठेवताना आपण तिचे गाव विचारतो, आडनाव विचारतो, आणि उत्तर ऐकून मनातल्या मनात कपाटाची किल्ली चाचपतो. हे करणारी माणसे दुष्ट नसतात. ती रविवारी मिस्सेला येतात, दानपेटीत पैसे टाकतात, दुष्काळात धान्यही पाठवितात. सोलापूरच्या वसाहतीतील मिशनरी मंडळीही अशीच भली होती.

मालतीबाई अखेरपर्यंत कोणाची भीड न धरता लिहीत आणि बोलत राहिल्या. निराधार स्त्रियांच्या प्रश्नावर त्यांनी ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’ हे पुस्तक लिहिले. १९८१ साली साहित्याच्या व्यवहारातील सरकारी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले, तेव्हा वयाच्या शहात्तराव्या वर्षी त्यांनी त्याचे अध्यक्षपद स्वीकारले. २००१ साली, वयाची ९६ वर्षे पूर्ण करून, त्या निवर्तल्या. त्यांची आठवण बहुतेक वेळा ‘कळ्यांचे निःश्वास’साठी काढली जाते, आणि ते योग्यच आहे. आमच्या मते ‘बळी’चे स्थान त्याहून खालचे नाही.

आपल्या धर्मग्रामांत वाचनालये आहेत, महिला मंडळे आहेत, युवक मंडळे आहेत. येत्या ३१ ऑगस्टला कोठे तरी पाच-दहा जणांनी बसून ‘बळी’ची काही पाने मोठ्याने वाचावीत, आणि जमल्यास जवळच्या विमुक्त वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बोलावून त्यांचे बोलणे ऐकावे. उपदेश करू नये, वाटपही करू नये, नुसते ऐकावे. राजर्षींनी १९१८ साली या माणसांची हजेरी बंद केली. आपल्या मनातल्या वहीत ती कोणाकोणाची अजून चालू आहे, ते पाहण्यास तेवढी एक संध्याकाळ पुरे होईल.